अर्धं दाबलेलं बटण

डॉक्टरांनी आयुष्यात एकाही माणसाला औषध दिलं नव्हतं. ते कॅमेरे दुरुस्त करत. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, एवढंसं, की आत दुसरा माणूस आला तर पहिल्याने अंग चोरून उभं राहायचं. कुणी बंद पडलेला कॅमेरा आणला की ते तो कानाशी धरून हलवायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "पोटात वाळू गेलीय. याला समुद्रावर कोण घेऊन गेलं होतं?" गिऱ्हाईक ओशाळायचं, शेजारचे दुकानदार हसायचे. त्यावरून बाजाराने त्यांना डॉक्टर केलं आणि ते नाव चिकटलं.

जीभ तिखट होती, पण हाताला तोड नव्हती. खिशात मावणारे छोटे कॅमेरे ही त्यांची खासियत. फोन आले तसे ते कॅमेरे कपाटांत जाऊन पडले, पण घरात कुणी गेलं किंवा आवराआवर निघाली की एखादा बाहेर यायचा, आणि लोकांना वाटायचं की यात काहीतरी राहिलं असेल. मग ते डॉक्टरांकडे यायचे.

डॉक्टरांचा एक नेम होता. कॅमेरा हातात आला की उजव्या हाताचा अंगठा खालच्या झाकणावर जायचा, झाकण सरकायचं आणि दोन्ही सेल तळहातावर पडायचे. बाकी सगळं नंतर. फ्लॅशसाठी आत वीज साठवलेली असते आणि ती माणसाला स्टुलावरून खाली फेकते, हे त्यांनी शिकाऊ असताना पहिल्याच महिन्यात अनुभवलं होतं. त्यानंतर सेल न काढता त्यांनी कधी स्क्रूला हात लावला, की उस्ताद लोखंडी पट्टीने बोटांच्या पेरांवर मारत. त्याला आता तीस वर्षं झाली होती. अंगठा डॉक्टरांना विचारायचाही थांबला होता. घरी टीव्हीचा रिमोट उचलला तरी त्याचे सेल निघायचे आणि आतून ताई ओरडायची, "छोट्या, परत मारलास का त्याला?"

ताई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. स्वतःचं लग्न राहिलं, यांचं तिने दोनदा ठरवलं आणि यांनी दोनदा मोडलं. आता दोघं दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहात. वर्षभरापासून तिची फुप्फुसं कामातून जात चालली होती. खऱ्या डॉक्टरने बाहेर बोलावून सांगितलं होतं की सुधारणा आता होणार नाही, शेवट जरा जड जाईल. ताईला ते न सांगताच कळलं होतं, कारण त्यांची आई याच दुखण्याने गेली होती. तीन दिवस तिचा श्वास आत जात नव्हता आणि बाहेरही पडत नव्हता, आणि उशाशी वीस वर्षांची ताई बसून होती.

"मला मरायची भीती नाही रे छोट्या," ती एकदा म्हणाली होती. "मरत राहायची आहे."

डॉक्टरांनी तेव्हा काहीतरी विनोद केला होता. कोणता, ते त्यांना नंतर आठवेना.

तर एका दुपारी, ऊन काउंटरच्या काचेवर आलेलं असताना, शिंपी दुकानात आला. शिंपी आहे हे विचारावं लागलं नाही. कॉलरला दोन सुया टोचलेल्या होत्या आणि मोजायची टेप तशीच गळ्यात राहिली होती. साठीचा असेल. दोन्ही तळहातांवर त्याने एक चंदेरी कॅमेरा धरला होता, काठोकाठ भरलेली वाटी आणावी तसा.

डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला फोटो काढायचं जे गोल बटण असतं, त्याच्यावर शर्टाचं पांढरं चार भोकांचं बटण ठेवलेलं होतं, आणि ते जाड दोऱ्याने कॅमेऱ्याच्या अंगाभोवती वेढे देऊन शिवलेलं होतं. वेढे चाळीस-पन्नास तरी असतील, एकाला एक लागून.

"बटण छान लावलंत," डॉक्टर म्हणाले. "काजं कुठे केलीत?"

शिंपी हसला नाही. "हे अर्धं दाबून ठेवलंय," तो म्हणाला. "तसंच राहायला पाहिजे. दोरा सैल पडायला लागलाय. रोज घट्ट करतो, पण घट्ट करताना कधीतरी पुरतं दाबलं जाईल. पुरतं दाबलंच जाणार नाही, असं काही करून द्या."

या बटणाचे दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की कॅमेरा समोरच्या माणसाचं अंतर मोजतो, पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर हिरवा चौकोन येतो, आणि बोट तिथेच ठेवलं तर तो माणूस तसाच धरून ठेवला जातो. आणखी दाबलं की फोटो निघतो. नवशिके लोक अधल्यामधल्या त्या टप्प्यावर थांबत नाहीत, म्हणून त्यांचे फोटो पुसट येतात, आणि डॉक्टरांनी त्यावरून कित्येकांची फिरकी घेतली होती. पण अर्ध्यावरच थांबायचंय, असं म्हणणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला.

"चालू आहे की हा," ते म्हणाले. लेन्स पुढे आलेली होती, हिरवा दिवा लागलेला होता. "कधीपासून ठेवलाय असा?"

"नऊ महिने."

"सेल?"

"घरी वायर लावून भिंतीतल्या विजेवर ठेवतो. रस्त्यापुरता सेलवर. नवेकोरे घालून निघालोय, तासभर जातील." शिंप्याने पहिल्यांदा मान वर केली. "तेवढं एक सांभाळा. काय वाटेल ते करा, पण सेल काढू नका."

"बरं."

"काढू नका हं."

"अहो, नाही काढत."

डॉक्टरांनी वाकून मागचा पडदा पाहिला. एका बाईचा चेहरा होता, उशीवर, केस विस्कटलेले, तोंड जरा उघडं. चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन. पण लेन्सचं तोंड तर काउंटरकडे होतं. पडद्यावर काउंटर दिसायला हवा होता, त्यावरचे स्क्रू, चहाचा कप. जुना फोटो म्हणावा तर जुना फोटो बघताना हिरवा चौकोन नसतो, सेल किती उरलेत ते वर दिसत नाही. इथे सगळं होतं. आणि त्यांना वाटलं की बाईचे ओठ हलले. त्यांनी काचेवरच्या उन्हाला दोष दिला.

"चित्र अडकलंय," ते म्हणाले.

"अडकलं नाही. मी धरलंय."

मग शिंप्याने सांगितलं. आवाज खाली, मान खाली, जणू कुणाचं माप सांगतोय. बायको शेवटच्या घटका मोजत होती. मुलगी परदेशात, तिला येणं जमत नव्हतं. ती फोनवर म्हणाली, बाबा, आईचा एक फोटो तरी काढून ठेवा. मुलीचाच जुना कॅमेरा घरात होता. त्याने तो बायकोसमोर धरला, बटण अर्धं दाबलं, चौकोन आला, आणि तिचं कण्हणं थांबलं. घरघर थांबली. त्याने दचकून बोट उचललं तर सगळं परत सुरू. परत दाबलं तर परत शांत. मग त्याने बोट उचललंच नाही. दिवस गेला, बोट बधिर झालं. डाव्या हाताने आणि दातांनी त्याने ते बटण शिवून टाकलं.

"शिंपी आहे मी," तो म्हणाला, जणू एवढ्याने सगळा उलगडा होत होता.

"आणि बाईसाहेब कशा आहेत?"

"आहे. तशीच आहे."

डॉक्टरांनी समोरच्या छत्रीवाल्याकडे बघून एक डोळा बारीक केला. "मग पुरतं दाबून फोटो काढून का नाही टाकलात?"

"एकदा बोट अर्ध्याच्या जरा खाली गेलं होतं." शिंप्याने गळ्यातली टेप चाचपली. "तिचा चेहरा एकदम सैल पडला. लग्नात होता तसा. मला कळलं, आणखी दाबलं की ती सुटणार. मी बोट वर घेतलं..."

"का?"

"सुटली असती ना."

बोलताना कॅमेरा उजव्या तळहातावर घेऊन त्याने डावा हात काचेवर ठेवला होता. तर्जनीच्या टोकाला रक्ताचा एक थेंब होता, सुई टोचल्यावर येतो तेवढाच, लालभडक. काचेवर त्याचा डाग पडला. डॉक्टरांनी फडकं पुढे केलं. शिंप्याने डाग पुसला आणि हात खिशात घातला.

"द्या," डॉक्टर म्हणाले. "पितळेची एक चकती टाकतो बटणाखाली. अर्ध्यापर्यंत जाईल, पुढे जाणारच नाही. हत्ती बसला तरी नाही."

शिंप्याने कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. डॉक्टर अजून हसतच होते. छत्रीवाल्याला संध्याकाळी हे कसं रंगवून सांगायचं, ते मनात जुळवत होते. आणि त्यांचा अंगठा गेला.

त्यांना कळलं तेव्हा दोन्ही सेल तळहातावर होते, चांगलेच गरम. पडदा काळा झाला होता. लेन्स बाहेर आलेली तशीच राहिली, आत जायलाही तिला सवड मिळाली नव्हती.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले. "सवय हो. थांबा, घालतो परत."

शिंपी कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, त्यांच्या तळहाताकडे बघत होता. तो वळला, दोन पावलं नीट चालला, आणि मग त्या उन्हात म्हातारा माणूस पळत सुटला. गळ्यातली टेप रस्त्यात पडली, ती त्याने उचलली नाही.

डॉक्टरांना वाईट वाटलं, पण फार नाही. डोकं फिरलेला माणूस, परत येईल, कॅमेरा न्यायला तरी येईलच. आणि घेतलेलं काम टाकायचं नाही हा त्यांचा स्वभाव. त्यांनी दोरा कापला, वरचं झाकण उघडलं, बटणाखाली नखाएवढी पितळेची चकती बसवली, कानशीने दोनदा घासली, सगळं बंद करून सेल घातले. बटण अर्ध्यापर्यंत मऊ जायचं आणि तिथे ठाम थांबायचं. शर्टाचं बटण आणि दोरा त्यांनी एका डबीत ठेवून दिला. आपल्याच कामावर ते खूश झाले.

शिंपी दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दुकान अजून झाडून व्हायचं होतं. त्याचा डावा हात जाड कापडात गुंडाळलेला होता. डॉक्टर शिव्या ऐकायच्या तयारीने उभे राहिले, पण त्याने शिव्या दिल्या नाहीत.

"मी जिन्यात होतो तेव्हाच ऐकू आलं," तो म्हणाला. "इमारतीतले सगळे बाहेर येऊन उभे होते. आत जायची कुणाची हिंमत नव्हती."

डॉक्टरांनी कॅमेरा त्याच्यापुढे सरकवला, त्याने हात लावला नाही.

"मला वाटत होतं, तिला त्रास होत नाहीये. नऊ महिने मी लोकांना तेच सांगत होतो. तो त्रास कुठे गेला नव्हता हो. साठत होता. एकदम आला तिच्यावर. एकही दिवस सुटला नाही..."

"किती... किती वेळ?"

"उजाडेपर्यंत."

मग त्याने कापड सोडलं. तर्जनी तळव्यापर्यंत काळी पडली होती आणि तिचा वास सगळ्या दुकानात पसरला. डॉक्टर मागे सरकले, पण मागे जायला जागाच नव्हती.

"ते बटण शिवताना सुई टोचली होती," शिंपी म्हणाला. "काल दुपारपर्यंत रक्त ताजं होतं. आज दवाखान्यात बोट काढणार आहेत. चुकलंच माझं, मला पुसायला फडकं दिलंत तेव्हा तरी तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणजे विश्वास बसला असता." त्याने एका हाताने कापड परत गुंडाळायला घेतलं, डॉक्टरांनी मदत केली नाही. "कॅमेरा तुम्हीच ठेवा. एकच सांगतो. धरू नका कुणाला. दाबायचंच तर पुरतं दाबा."

डॉक्टरांनी हे कुणाला रंगवून सांगितलं नाही. पण ताईपासून काही लपवणं त्यांना पन्नास वर्षांत जमलेलं नव्हतं. ती उशीला टेकून ऐकत होती. मधे तीन-चारदा तिला खोकल्याची उबळ आली, तरी तिने हाताने खूण करून त्यांना बोलतं ठेवलं.

"पुरतं दाबलं की चेहरा सैल पडतो म्हणाला?"

"वेडा आहे ताई तो. बायको गेली, बोट सडलं, डोक्यावर परिणाम झालाय."

"कॅमेरा वर आण."

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

त्यांनी आणला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, लेन्स आतबाहेर करून पाहिली, आणि उशाशी फळीवर ठेवायला लावला. "माझी वेळ आली आणि आईसारखं सुरू झालं, तर मी तुला खूण करीन," ती म्हणाली. "पुरतं दाब. अर्धवट ठेवू नकोस. तुझं मेलं सगळंच अर्धवट असतं."

"बरं."

"नीट चालतोय ना?"

पितळेची चकती डॉक्टरांना त्याच क्षणी आठवली. जिभेवर आलंही. पण चकती आहे म्हणायचं, ती काढून आणतो म्हणायचं, म्हणजे त्या शिंप्याचं खरं धरल्यासारखं झालं असतं. ताई मरणार हेही खरं धरल्यासारखं झालं असतं. आणि आपल्या हातच्या कामात खोट आहे, असं त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"एकदम," ते म्हणाले. "माझ्या हातचा आहे."

उद्या काढू, असं त्यांनी ठरवलं. उद्या दुसरं काम निघालं. परवा ताईला जरा बरं वाटलं, ती खिडकीपर्यंत चालली. मग तीन आठवडे गेले आणि चकती त्यांच्या डोक्यातून पार गेली.

ते सुरू झालं भर दुपारी. डॉक्टर तिच्या कॉटशी बसून सफरचंद कापत होते. खाली बाजार चालू होता, छत्रीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. ताईने श्वास घेतला आणि तो अर्ध्यात अडकला. तिचे डोळे मोठे झाले. डॉक्टर दचकले, सुरी सटकली आणि अंगठ्याला लागली. त्यांनी तिला उठवून बसवलं, पाठ चोळली, औषधाचा फवारा तोंडात मारला. काही उपयोग झाला नाही. तिच्या गळ्यातून ओल्या लाकडाला करवत लावल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज डॉक्टरांनी आठ वर्षांचे असताना पलीकडच्या खोलीतून तीन दिवस ऐकला होता.

पंधरा मिनिटं गेली. खरा डॉक्टर फोन उचलत नव्हता. ताईची नखं निळी पडली. तिने एक हात वर केला आणि फळीकडे बोट दाखवलं.

"नको ताई..."

तिने परत दाखवलं. तिच्या डोळ्यांत आता त्यांच्यावरचा राग होता. लहानपणी शाळेला जायला रडायचे तेव्हा असायचा तोच.

डॉक्टरांनी कॅमेरा उचलला. लेन्स बाहेर आली. पडद्यावर तिचा चेहरा आला तसे त्यांचे हात आपोआप स्थिर झाले. त्यांनी बटण अर्धं दाबलं. हिरवा चौकोन तिच्या चेहऱ्यावर येऊन बसला, बारीक आवाज झाला, आणि खोलीतली करवत थांबली. ताईचे खांदे खाली आले. ती उशीवर टेकली. नखं निळी होती ती तशीच राहिली.

"झालं ताई, झालं," ते म्हणाले. त्यांना रडू फुटलं होतं. "दाबतो."

आणि त्यांनी दाबलं.

बटण जागचं हललं नाही.

त्यांनी जोर लावला. बोटाचं पेर पांढरं पडेपर्यंत लावला. बटण ठाम होतं, एका केसाएवढंही खाली जाईना. तेव्हा त्यांना ती चकती आठवली, आणि ती कानशीने दोनदा घासल्याचंही आठवलं.

त्यांनी बोट उचललं नाही. उचललं तर पंधरा मिनिटांचं आणि वरचं सगळं परत तिच्या अंगावर येईल, एवढंच त्यांना सुचत होतं. आत्ता उचललं असतं तर ते थोडकंच असतं. संध्याकाळपर्यंत उचललं असतं तरी कदाचित आईसारखे तीनच दिवस झाले असते. हा हिशोब त्यांना कळत होता, आणि दर मिनिटाला तो वाढतोय हेही कळत होतं. पण करवत थांबली होती, आणि ती पुन्हा आपल्या हाताने सुरू करायची त्यांची छाती झाली नाही.

सेल संपायच्या आत, बटण दाबलेलंच ठेवून, ते खाली दुकानात गेले आणि उरलेल्या हाताने खण उघडला. शिंप्याचं शर्टाचं बटण डबीत होतं, दोराही होता. बरेच वेढे द्यावे लागले. ते शिंपी नव्हते, त्यामुळे वेढे वेडेवाकडे आले. दुकानातली एक वायर आणून त्यांनी कॅमेरा भिंतीतल्या विजेला जोडला आणि फळीवर ठेवला.

ताई आहे. तशीच आहे. खालून कुणी विचारलं तर डॉक्टर हेच सांगू लागले. ती कॉटवर पडून असायची, डोळे मिटलेले, छाती हललीच तर इतकी कमी, की वाकून बघावं लागायचं. खरा डॉक्टर येऊन गेला, नाडी बघून खांदे उडवून गेला. त्याला पडद्याकडे बघायचं सुचलं नाही.

पडद्यावरची ताई डोळे उघडे ठेवून होती. तिचे ओठ हलत होते. पहिल्या दिवशी हळू, मग भराभर. आवाज येत नव्हता, तरी शब्द एकच होता आणि तो वाचायला सोपा होता. दाब. दाब. दाब. चौथ्या दिवसापासून तिचा चेहरा बदलायला लागला. कॉटवरच्या चेहऱ्याला काही होत नव्हतं, पण पडद्यावरच्या चेहऱ्यात ते साठत होतं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर रुमाल टाकला. मग रुमालाखाली काय चाललं असेल ते बघायला दर तासाला तो उचलू लागले.

तोडगा एकच होता. कॅमेरा चालू ठेवून, बटण अर्ध्यावर धरून ठेवून, वरचं झाकण उचलायचं आणि चिमट्याने चकती ओढून काढायची. मग पुरतं दाबायचं. एका माणसाला ते शक्य नव्हतं, चार हात लागणार होते. आणि ते दुसरे दोन हातही या धंद्यातलेच हवे होते. छत्रीवाल्याचे चालणार नव्हते.

बाराव्या दिवशी त्यांनी नवेकोरे सेल घातले, वायर काढली, दोन्ही तळहातांवर कॅमेरा घेतला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे एक मेकॅनिक होता. कधीकाळी एकाच उस्तादाकडे दोघं शिकले होते, डॉक्टर तिथून बाहेर पडले त्या वर्षी तो आला होता, त्यामुळे ओळख नव्हती. टक्कल पडलेला, गुबगुबीत, हसरा माणूस. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली.

"हे बटण कुणी शिवलं?" तो म्हणाला. "माप चुकलंय की."

बसलेली माणसं हसली.

डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलं. कुठली चकती, कुठे बसवलीय, आपण बटण धरून ठेवू, त्याने फक्त झाकण उचलायचं. ताईचं काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर या माणसाने गिऱ्हाइकांकडे बघून एक डोळा बारीक केला असता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली.

"सेल काढायचे नाहीत."

"बरं."

"काही झालं तरी नाही. चालू ठेवूनच उघडायचाय."

"अहो, नाही काढत. धक्का बसला तर मला बसेल." मेकॅनिकने चष्मा लावला आणि हात पुढे केला. "बघू तरी द्या."

डॉक्टरांनी कॅमेरा काउंटरवर टेकवला, पण खालच्या झाकणावरचा आपला तळहात काढला नाही. काचेवर लाल ठिपका पडला.

"काका, अंगठा कापलाय तुमचा," मेकॅनिक म्हणाला. "रक्त येतंय."

डॉक्टरांनी अंगठ्याकडे पाहिलं. सफरचंदाची सुरी लागली होती तिथे एक थेंब होता, लालभडक, आत्ता आल्यासारखा. बारा दिवसांत त्यांनी त्याच्याकडे एकदाही लक्ष दिलं नव्हतं. त्यांना शिंप्याचं काळं बोट आठवलं, दुकानात पसरलेला वास आठवला.

"जुनं आहे," ते म्हणाले.

"हात तर काढा. हात काढल्याशिवाय बघणार कसं?"

पडद्यावरचा रुमाल वाटेतच कुठेतरी पडला होता. ताई त्यांच्याकडे बघत होती. तिचे ओठ आता हलत नव्हते. तिने ते घट्ट मिटून घेतले होते, इंजेक्शनची सुई टोचायच्या आधी माणूस मिटतो तसे.

डॉक्टरांनी हात काढला.

मेकॅनिकने कॅमेरा उचलला, गिऱ्हाइकांकडे बघून हसला, आणि त्यांना म्हणाला, "बसा ना काका, उभे का?" तो अजून त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याचा उजवा अंगठा खालच्या झाकणावर गेला होता.